वाचकांचे प्रश्न : लढतीतून स्वभाव घडतो का?

स्पर्धात्मक मार्शल आर्ट्सविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे या वेळी निवडली आहेत. पहिल्या पत्रातील शंका अनेक पालकांच्या मनात असते, म्हणून तिला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : माझा अकरा वर्षांचा मुलगा ज्युदो शिकतो आहे आणि आता त्याला स्पर्धेत उतरायचे आहे. वर्गात शिकतो तेवढे पुरे, स्पर्धेमुळे मूल भांडखोर होते, असे घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे आहे. ‘मार्शल आर्ट्समुळे चारित्र्य घडते’ हे वाक्य मात्र प्रत्येक क्लासच्या पत्रकावर छापलेले असते. यात तथ्य किती? — एक आई

उत्तर : पत्रकावरच्या वाक्यावर डोळे झाकून विश्वास न ठेवण्याची आपली वृत्ती योग्य आहे आणि घरातील वडीलधाऱ्यांची भीतीही अगदीच निराधार नाही. १९८६ मध्ये ट्रल्सन या अमेरिकी संशोधकाने वर्तनाच्या गंभीर तक्रारी असलेल्या किशोरवयीन मुलांच्या एका गटाला आदर, संयम आणि ध्यान यांसह पारंपरिक पद्धतीने तायक्वांदो शिकवले, तर दुसऱ्या गटाला केवळ लढण्याची तंत्रे शिकवली. सहा महिन्यांनंतर पहिल्या गटातील मुलांची आक्रमकता कमी झालेली आढळली आणि दुसऱ्या गटातील मुलांची वाढलेली. पुढे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील अभ्यासात मुष्टियुद्ध, कुस्ती, वजन उचलणे आणि पौर्वात्य मार्शल आर्ट्स यांत रमलेल्या शाळकरी मुलांमध्ये समाजविघातक वर्तन वाढल्याचे दिसले होते. असे अभ्यास छोटे असतात आणि त्यांच्यावर आक्षेपही घेता येतात, पण एवढे मान्य करायला हरकत नाही की नुसत्या गणवेशाने आणि पट्ट्याच्या रंगाने कोणाचा स्वभाव बदलत नाही.

मग बदलतो तो कशाने? आपल्या मुलाच्या वर्गात एक दिवस मॅटच्या कडेला बसून पाहा. एक मूल दुसऱ्याला खांद्यावरून फेकते, तेव्हा पडणाऱ्याची बाही ते अखेरपर्यंत सोडत नाही, उलट जमिनीला टेकण्याच्या क्षणी ती वर ओढून धरते, जेणेकरून जोडीदाराचे डोके मॅटवर आपटू नये आणि त्याला हाताने मॅटवर थाप मारून आघात पसरवून टाकता यावा. मोठ्या वयात गळा आवळण्याची तंत्रे शिकवली जातात. पकड नीट बसली तर काही सेकंदांत शुद्ध हरपू शकते, म्हणून जोडीदाराने हार मानल्याची खूण म्हणून हाताने दोनदा थाप दिली की पकड त्याच क्षणी सुटली पाहिजे. ‘आणखी थोडे’ असे म्हणण्याची सोयच तिथे नाही. दुसऱ्याचा देह काही क्षण आपल्या हवाली आहे आणि तो जसाच्या तसा परत करायचा आहे, ही जाणीव आठवड्यातून अनेकदा, अनेक वर्षे हातांना होत राहते, आणि माझ्या मते या साऱ्या प्रशिक्षणातील घडवणारा भाग तोच आहे. १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान ही ज्युदोची शाळा स्थापन करणाऱ्या कानो जिगोरो यांनी परस्परांचे कल्याण आणि लाभ हे तत्त्व ज्युदोच्या पायाशी ठेवले, ते केवळ सुभाषित म्हणून ठेवले असावे असे वाटत नाही. जोडीदार दुखावला गेला तर उद्या सराव कोणाबरोबर करायचा, हा त्यामागचा रोकडा हिशेब कोणत्याही सरावगृहात लक्षात येतो.

स्पर्धा कशाला, हा आपला खरा प्रश्न. वर्गात संयम पाळणे सोपे असते, कारण तिथे हरण्याने काही बिघडत नाही. प्रेक्षक ओरडत आहेत, घड्याळ संपत आले आहे, एक गुण कमी पडतो आहे, अशा वेळी हातावर ताबा राहतो का, हे स्पर्धेखेरीज कळत नाही. टोकियो ऑलिम्पिकमधील पुरुषांच्या ७५ किलोवरील गटाची कराटेची अंतिम लढत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. सौदी अरेबियाचा तारेग हमेदी ४-१ असा पुढे होता आणि त्याने मारलेली लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेला एवढ्या जोरात बसली की तो बेशुद्ध पडला. आघात मर्यादेपलीकडचा ठरवून पंचांनी हमेदीला बाद केले आणि सुवर्णपदक गंजजादेला मिळाले. या निर्णयावर त्या वेळी बरीच टीका झाली. हमेदीबद्दल मलाही हळहळ वाटते, पण नियम बरोबर होता असेच माझे मत आहे. केंदो या जपानी तलवारबाजीच्या खेळात तर याहूनही पुढची शिस्त आहे : गुण मिळाल्यावर मुठी उंचावून जल्लोष केला, तर मिळालेला गुण काढून घेतला जाऊ शकतो.

म्हणून मुलाला स्पर्धेत जरूर उतरवा, पण त्याआधी प्रशिक्षकाला पारखून घ्या. त्यांचा एखादा विद्यार्थी हरून मॅटवरून खाली येतो तेव्हा ते त्याला पहिले वाक्य कोणते बोलतात, ते ऐका. पंचांना दूषणे देणारा प्रशिक्षक मुलाला सबबी शिकवतो. प्रतिस्पर्ध्याला लागले असेल तर त्याची विचारपूस करायला आपल्या विद्यार्थ्याला पाठवणारा प्रशिक्षक मिळाला, तर त्याला सोडू नका. आणि अकरा वर्षांच्या मुलाला खालच्या वजनी गटात बसवण्यासाठी उपाशी ठेवायला सांगणारा कोणी भेटला, तर त्याच दिवशी मुलाला घेऊन घरी या.

प्रश्न : मी सतरा वर्षांची आहे आणि तायक्वांदो खेळते. माझी सगळ्यांत जवळची मैत्रीण आणि मी लहानपणापासून एकाच प्रशिक्षकांकडे शिकतो. आता आम्ही एकाच वजनी गटात आलो आहोत आणि निवड चाचणीतून एकच जण पुढे जाणार आहे. मी जिंकले तर मैत्री तुटेल अशी भीती वाटते. मी गट बदलू का? — एक खेळाडू

उत्तर : तुझ्यासारखाच प्रसंग २००० साली अमेरिकेच्या ऑलिम्पिक निवड चाचणीत घडला होता. एस्थर किम आणि के पो या दोघी बालपणापासूनच्या मैत्रिणी, शिकायला किमच्या वडिलांकडेच. दोघी अंतिम फेरीत समोरासमोर येणार होत्या. पण उपांत्य लढतीत पोच्या गुडघ्याची वाटी सरकली आणि तिला धड उभेही राहता येईना. किमने लढत सोडून दिली आणि सिडनीला जाण्याची संधी मैत्रिणीला दिली. सिडनीत पो पहिल्याच फेरीत हरली. किमच्या त्यागाचे जगभर कौतुक झाले आणि आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने तिला सिडनीला पाहुणी म्हणून बोलावले.

ही हकिगत तुला कोणी ना कोणी नक्की सांगेल, म्हणून आधीच सांगतो की ती तुला लागू होत नाही. किमसमोर जायबंदी मैत्रीण होती. तुझी मैत्रीण धडधाकट आहे आणि तितकाच सराव करून येणार आहे. तिच्यासाठी तू मुद्दाम हात आखडता घेतलास, तर ते तिच्या लक्षात आल्यावाचून राहणार नाही, कारण तुझी लाथ कोणत्या उंचीवरून आणि किती वेगाने येते हे तुझ्या आईवडिलांपेक्षा तिला जास्त ठाऊक आहे. दयेपोटी मिळालेला विजय तिला वर्षानुवर्षे बोचेल आणि मैत्री तुटायची असेल तर ती त्यामुळे तुटेल. गट बदलण्याबद्दल माझे मत स्पष्ट नकाराचे आहे. वाढत्या वयात वजन कमी-जास्त करण्याचा निर्णय शरीर पाहून घ्यायचा असतो, निवड चाचणीचा तक्ता पाहून नव्हे.

समोर उभे राहण्याने नाती तुटतातच असे नाही, हे ज्युदोतील एका उदाहरणावरून दिसेल. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत इराणच्या सईद मोल्लाईवर, इस्रायलच्या सागी मुकीशी गाठ पडू नये म्हणून हरण्याचा किंवा माघार घेण्याचा दबाव त्याच्या देशातील अधिकाऱ्यांनी आणला. दोघेही ८१ किलो गटातले. मोल्लाईने ही गोष्ट जाहीर केली, देश सोडला, पुढे मंगोलियाकडून खेळून टोकियो ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक मिळवले, आणि ज्याच्याशी लढू नको असे त्याला बजावण्यात आले होते त्या मुकीशी त्याची घट्ट मैत्री झाली. एखाद्याशी लढायचे टाळणे म्हणजे त्याला आपल्या बरोबरीचा न मानणे, हे या दोघांना उमगले असावे.

आता व्यवहाराचे बोलू. चाचणीपूर्वीच्या काही आठवड्यांत एकमेकींशी पूर्ण ताकदीच्या लढती खेळू नका. डावपेच वेगवेगळे आखा आणि प्रशिक्षकांना त्या दिवशी दोघींपैकी कोणाच्याही कोपऱ्यात न बसण्याची विनंती करा. हे सगळे मैत्रिणीशी आधीच मोकळेपणाने बोलून ठरवा. निकालानंतर हरलेलीला एक-दोन दिवस एकटे राहावेसे वाटेल, तेवढे राहू द्यावे. समजूत घालण्याची घाई करू नये. त्यानंतर जी पुढे जाईल तिला सरावासाठी चांगली जोडीदार लागेल, आणि त्या कामासाठी दुसरीपेक्षा योग्य कोणी असणार नाही.

प्रश्न : मी बेचाळीस वर्षांची असून दोन वर्षांपासून ज्युदो शिकते. पहिल्याच स्पर्धेत मी मिनिटाच्या आत हरले. गंमत अशी की जिने हरवले तिच्याशीच ओळख वाढली आणि आता आम्ही एकत्र सराव करतो. घरचे म्हणतात, या वयात स्पर्धा पुरे. मी थांबावे का? — एक वाचक

उत्तर : थांबण्याचे कारण दिसत नाही. ज्युदोत तिशीपासूनच्या खेळाडूंसाठी प्रौढांच्या वेगळ्या स्पर्धा होतात आणि त्यांत पाच-पाच वर्षांचे वयोगट असतात, त्यामुळे आपल्याला विशीतल्या मुलींशी झुंजावे लागणार नाही. हरवणारीशी मैत्री जुळली याचेही नवल वाटत नाही. आपला तोल कोणत्या पायावर जातो आणि पकड कुठे सैल पडते, हे तिने त्या एका मिनिटात नेमके हेरले होते आणि ते सांगायला ती तयार झाली.

काळजी घ्यायची ती दुखापतीची. चाळिशीनंतर खांदा आणि गुडघा भरून यायला वेळ लागतो, म्हणून दर सत्राची सुरुवात पडण्याच्या सरावाने करा, जड जोडीदाराबरोबर मुक्त लढत टाळा आणि सांध्यावरचा डाव बसतो आहे असे वाटताच थाप द्या. पुढच्या स्पर्धेत नाव नोंदवण्यापूर्वी आपल्या नव्या मैत्रिणीला विचारून ठेवा, तीही त्याच गटात खेळणार आहे का.