मूठभर मेथी आणि रुंदावत जाणारी पट्टी

प्रश्न : आम्ही डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर राहतो. ग्रिलमध्ये दोन ट्रे मेथी पेरली. उगवली, पण काड्या लांबच लांब, पानं चिमुकली आणि सगळी एका अंगाला लोळलेली. कापली तर मूठभर निघाली. चार माणसांत तिचं काय करू? सासूबाई म्हणतात, बाजारात जुडी स्वस्त मिळते.

उत्तर : सासूबाईंचं खरं आहे, त्यांच्याशी या मुद्द्यावर वाद घालू नका. माती, ट्रे, गांडूळखत यांचा हिशेब मांडला तर ग्रिलमधली मेथी कधीच स्वस्त पडत नाही. कापल्यावर पाच मिनिटांत ताटात येते, एवढ्यासाठीच ती लावायची.

लोळली ती उन्हाअभावी. उजेड कमी पडला की रोप त्याच्या दिशेने नुसतं लांबत जातं. चार-पाच तास ऊन येतं अशा बाजूला ट्रे सरकवा. डब्यातलीच मेथी रात्रभर भिजवून पेरा, पण दाट पेरू नका. काढताना उपटण्यापेक्षा कात्रीने कापा. मेथी शेंगवर्गातली, तिच्या मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र धरून ठेवणारे जिवाणू असतात. मुळं मातीतच राहिली तर पुढच्या पेरणीला उपयोगी पडतात. महिनाभर वाढवण्याचा हट्टही सोडा. मुंबईच्या बाजारात वाळूत वाढवलेली समुद्र मेथी छोट्या जुड्या बांधून विकतात ना, तेवढीच कोवळी तुमचीही घ्या.

आता मूठभराचं काय? परतून भाजी करायला जाऊ नका, कढईतच हरवेल. खानदेशी घोळाणा करा. मेथी धुऊन पूर्ण निथळू द्या, मग बारीक चिरून त्यात कांदा, दाण्याचं कूट, लाल तिखट आणि वरून कच्चं तेल. मीठ अगदी वाढताना घाला, नाहीतर पाणी सुटतं. शिजवायचं काहीच नाही, त्यामुळे मूठ मूठच राहते. सोबत भाकरीच हवी. पोळीशी त्याचं जमत नाही, असं माझं ठाम मत आहे. पहिला घास सासूबाईंना.

प्रश्न : मी रत्नागिरीची. व्हिडिओ पाहून विणकाम शिकतेय. 30 टाक्यांवर सुरू केलेली मफलरची पट्टी रुंदच होत चाललीय. त्यात घरचे विचारतात, इथल्या हवेत मफलर घालणार कोण?

उत्तर : आधी टाके मोजा, वाढलेले निघतील. ओळ संपवून सुई फिरवली की दोरा नकळत सुईवरून मागे ओढला जातो. मग पहिला टाका दोन टाक्यांसारखा दिसतो आणि आपण दोन्ही विणून मोकळे होतो. सुलट ओळ सुरू करताना दोरा सुईच्या खालून मागे न्या आणि दर दोन ओळींनी मोजत जा. सुयांचाही घोळ असतो. व्हिडिओत मिलिमीटर सांगतात, आपल्या दुकानात नंबर. आणि नंबर वाढला की सुई बारीक होते. 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, 10 नंबर म्हणजे 3.25.

मफलरबद्दल घरच्यांचं बरोबर आहे. मी नाशिकची, मला थंडीचं निमित्त तरी आहे. तुम्ही लोकर बाजूला ठेवून जाड सुती दोरा आणा. ओट्यावरची पुसणी, कढई उचलायचे दुहेरी चौकोन असं काही विणा. अ‍ॅक्रिलिकचे चौकोन मात्र चुलीजवळ नकोत, तापलेल्या भांड्याला लागले तर वितळतात. सुती चौकोन कोरडा असेल तरच कढईला लावा, ओल्यातून चटका बसतो.

वेळ कुठून काढायचा, असं पुढच्या पत्रात विचाराल. कुकर लावला की दोन ओळी होतात. टाके आणि शिट्ट्या एकदम मोजता येत नाहीत, म्हणून आमच्याकडे शिट्ट्या यजमान मोजतात. (वरण अधूनमधून जास्त शिजतं.)

प्रश्न : मोरीच्या पाण्यावर अळू फोफावलाय, पण फदफदं खाल्लं की घसा खवखवतो. (सांगली)

उत्तर : अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते टोचतात. चिरण्याआधी हाताला तेल लावा, देठ सोला, चिंच किंवा आंबट चुका घाला आणि अगदी गरगट होईपर्यंत शिजवा. साबणाचं पाणी त्याला देऊ नका, तांदूळ-भाज्या धुतलेलं द्या. एवढं करूनही खवखवलं तर तो अळूच खाजरा. काढून टाका आणि ज्यांचं फदफदं खाऊन घसा धरत नाही, अशा शेजारणीकडून एक कंद मागून आणा.