मोकळ्या प्लॉटचा कर

प्रिय विद्यार्थ्यास,

अनेक आशीर्वाद. नगररचनेचे शिक्षण घेऊन सांगलीतच परवडणाऱ्या घरांसाठी काम करण्याचा तुझा विचार वाचून फार समाधान वाटले. मात्र घरांच्या किमतीचा अभ्यास सिमेंट-सळईच्या दरांपासून सुरू करू नकोस. जमिनीपासून सुरू कर.

आपल्या सांगलीतल्या शंभर फुटी रस्त्यालगतच्या रिकाम्या प्लॉटचा भाव चढतो, तो मालकाने तिथे काही कष्ट केले म्हणून नव्हे. रस्ता, पाण्याची लाइन, शाळा, दिवे हे सर्वांच्या पैशातून होते आणि त्यामुळे वाढलेले मोल जागा धरून बसलेल्याच्या पदरात पडते. म्हणूनच अर्थचिंतक हेन्री जॉर्ज यांनी 19व्या शतकात अमेरिकेत कर बांधकामावर न बसवता जागेच्या मोलावर बसवावा, असे मांडले. आपल्या 1949च्या महानगरपालिका अधिनियमानुसार जमीन आणि इमारत दोन्हींवर मालमत्ता कर लागू शकतो. पण आकारणी वार्षिक भाडेमूल्यावर, म्हणजे मिळकतीला वर्षाला जे भाडे येऊ शकेल त्यावर झाली, की घर बांधणाऱ्याचा कर वाढतो आणि जागा रिकामी ठेवणाऱ्याचा भार हलका राहतो. हा मला सरळ अन्याय वाटतो.

जागा अशी अडून राहिली की ती महाग होते, आणि त्याचे परिणाम गुंठेवारीत, म्हणजे एकेक गुंठ्याचे तुकडे घेऊन मंजुरीविना उभ्या राहिलेल्या वस्त्यांत दिसतात. 1947च्या तुकडेबंदी कायद्याने जमिनीचे लहान तुकडे पाडण्यास मनाई केली, तरी हातावर पोट असलेली माणसे साध्या स्टॅम्पपेपरवर जागा घेत राहिली, कारण 1089 चौरस फुटांचा तो एक गुंठाच त्यांच्या आवाक्यात होता. 2001च्या गुंठेवारी कायद्याने नियमितीकरणाची वाट काढली आणि 2021च्या दुरुस्तीने ती 31 डिसेंबर 2020पर्यंत झालेल्या गुंठेवारीला खुली केली; परंतु सांगलीच्या शामरावनगरात पावसाळ्यात साचणारे पाणी नियमितीकरणाच्या प्रमाणपत्राने ओसरत नाही. पदरचे पैसे मोजून जागा घेतलेल्या या लोकांना अतिक्रमण करणारे ठरवणाऱ्या अहवालावर तू कधीही सही करू नकोस.

कर जागेच्या मोलावर बसवला, तर वडिलोपार्जित घरात एकट्या राहणाऱ्या, उत्पन्न नसलेल्या वृद्धेने वाढीव कर कुठून भरावा, असे तुला विचारले जाईल. प्रश्न रास्त आहे. तिच्या हयातीत तो कर घरावरचा बोजा म्हणून नोंदवून पुढे विक्रीच्या वेळी वसूल करावा, असे माझे मत आहे.

तूर्त एकच प्रभाग निवड, तिथल्या मोकळ्या प्लॉटांचे सातबारे व मिळकतपत्रिका कर आकारणीच्या नोंदींशी ताडून पाहा आणि दिवाळीत येताना त्या टिपणांची वही घेऊन ये.

तुझा शुभचिंतक