मोंढ्यात न आलेल्यांनाही विचार

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझी प्रश्नावली दोनदा वाचली. सोयाबीनवाले शेतकरी शेतमाल तारण कर्ज, म्हणजे गोदामात ठेवलेल्या मालावर मिळणारं कर्ज, का घेत नाहीत, हा विषय निवडलास याचा फार आनंद झाला. या प्रश्नाचं नीट उत्तर मिळालं तर बाजार समितीच्या सचिवाला किंवा एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीला ते उद्या वापरता येईल. म्हणूनच जरा कडक लिहितोय.

लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, उभं राहून १०० शेतकऱ्यांना विचारायचं, असं तू ठरवलंयस. पण दिवाळीच्या तोंडावर मोंढ्यात भेटणारा माणूस माल विकायलाच आलेला असतो. घरात पोत्यांची थप्पी लावून बसलेला, गोदामात माल टाकून पावतीवर पैसे घेतलेला, खळ्यावरच व्यापाऱ्याला माल देऊन मोकळा झालेला, यांतला कुणीच तुला तिथं दिसणार नाही. मग 'शेतकरी माल साठवत नाहीत' हा निष्कर्ष तू कुठं उभी राहिलीस तिथंच ठरून जाईल. व्हॉट्सअ‍ॅपवर फॉर्म फिरवलास तरी तेच.

त्यापेक्षा चार गावं घे, दोन गोदामाजवळची आणि दोन आडवळणाची. प्रत्येक गावात सोयाबीन पेरणाऱ्यांची यादी कर आणि चिठ्ठ्या टाकून माणसं निवड. नुसत्या सातबाऱ्यावरून यादी केलीस तर बटईनं करणारे सुटतील. जमीन नवऱ्याच्या नावावर आणि सगळं शेत स्वतः बघणाऱ्या बायकाही सुटतील. काढणीच्या धांदलीत मात्र कुणाच्या दारात जाऊ नकोस.

आता प्रश्न. 'ही योजना उपयुक्त वाटते का?' हा काढून टाक. पाहुणीसमोर सगळे 'हो' म्हणतात. गेल्या हंगामात काय घडलं ते विचार. पहिली पोती कधी विकली? त्या पैशातून आधी कुणाचं देणं फेडलं? पेरणीला आडत्याकडून, म्हणजे बाजारातल्या दलालाकडून, उचल (आगाऊ पैसे) घेतली होती का? गोदामापर्यंत गाडीभाडं किती पडतं? जमलं तर पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, दाखवायला सांग, आठवणीतला भाव आणि पट्टीवरचा भाव पुष्कळदा जुळत नाहीत. राज्याच्या पणन मंडळाच्या तारण योजनेत मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, ६ टक्के व्याज आणि १८० दिवसांची मुदत आहे. कागदावर हे चांगलंच आहे. पण उचल घेतलेल्याचा माल पेरणीच्या वेळीच त्या आडतीला बांधला गेलेला असेल, तर व्याज आणखी कमी करूनही तो गोदामाकडे वळणार नाही. आणि ज्याची अडचण गाडीभाड्याची आहे, त्याच्यासाठी उपाय वेगळाच लागेल. हे दोघे तुझ्या तक्त्यात वेगळे दिसले पाहिजेत. माझ्या मते सगळा प्रकल्प इथंच आहे.

मोजण्याच्या पद्धतीतच चूक असली की नमुना वाढवून ती जात नाही. पीक कापणी प्रयोगांवर (शेतातला एक तुकडा कापून उत्पादनाचा अंदाज काढायचा) काम करताना संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी १९४०च्या दशकात दाखवलं की फार लहान तुकडा कापला तर उत्पादन फुगून येतं, कारण कडेवरची झाडं आत धरली जातात. असे कितीही तुकडे कापले तरी फुगवटा तसाच राहतो.

१०० जण चिठ्ठ्यांनी निवडले तरी टक्केवारी साधारण १० अंकांनी इकडंतिकडं होऊ शकते, गावं चारच असल्यानं बहुधा जास्तच. त्यामुळे ४७ आणि ५२ यांतल्या फरकावर परिच्छेद लिहू नकोस. मैत्रीण सोबत आहे तर प्रत्येक गावातली निम्मी नावं तिला दे, तीही चिठ्ठ्या टाकूनच. दोघींची उत्तरं फार वेगळी आली तर आधी विचारण्याची पद्धत तपासा. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांनी आपल्या पाहण्यांत हीच युक्ती वापरली होती.

सगळ्या प्रती आत्ताच छापू नकोस. आधी दहा जणांना विचारून बघ आणि त्या भरलेल्या प्रती खाडाखोडीसकट मला पाठव. समासात शेतकऱ्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेव.

तुझा,
सर