कोराडीची वाफ, हायड्रोजन बॉम्ब अन् बाबांचं मेकॅनिकल

बेटा, तुझा मेल वाचला. बारावीत आहेस, बाबा म्हणतात नागपूरच्या व्हीएनआयटी इंजिनीअरिंग कॉलेजात मेकॅनिकल घे, तुला व्हायचंय 'बॉम्बवाला सायंटिस्ट', अन् वर हा सवाल की कार्नोच्या फॉर्म्युल्यात (उष्णतेवर चालणारं इंजिन जास्तीत जास्त किती काम देईल ते सांगणारा) तापमान वाढलं की एफिशियन्सी वाढते, हायड्रोजन बॉम्बमध्ये तर कोट्यवधी अंश असतात, मग त्याचंच इंजिन काहून नाही बनवत? सवाल भारी आहे बाप्पा.

आधी गणित कर. आपल्या नागपूरजवळच्या कोराडी वीजघरातल्या 660 मेगावॅटच्या युनिटसाठी वाफ 565 अंश धर, थंड बाजू 40, केल्विनमध्ये 838 अन् 313, एकातून थंड भागिले गरम वजा कर, एफिशियन्सी येते 63 टक्के, हातात मात्र 40 च्या आसपासच पडतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 वर गेला की कूलिंग टॉवरचं पाणीच कोमट, मग अजून घसरतं. वाफ अजून तापवायला कोणाची ना नाही, पण ट्यूबचं स्टील ढिलं पडते ना!

अन् कार्नोने 1824 मध्ये जे मांडलं ते चक्राबद्दल आहे, वाफेचं पाणी होऊन ते पुन्हा बॉयलरमध्ये आलं पाहिजे. बॉम्बमध्ये परत यायला भांडंच उरत नाही. अमेरिकेने 1952 मध्ये फोडलेला हायड्रोजन बॉम्ब, आयव्ही माइक, 10.4 मेगाटनचा, तेवढी ऊर्जा वीज म्हणून काढायला कोराडीच्या एका युनिटला फुल लोडवर दोन वर्षांच्या वर लागतील, अन् पॅसिफिकमधल्या ज्या एलुगेलाब बेटावर तो फोडला ते बेटच नकाशावरून गेलं. तरी तू काही येडा नाहीस, 1970 च्या दशकात अमेरिकेच्या अणुबॉम्बच्या प्रयोगशाळेने, लॉस अलामॉसवाल्यांनी हाच विचार केला होता, प्रोजेक्ट पेसर, जमिनीखालच्या पोकळीत छोटे बॉम्ब फोडायचे अन् त्या वाफेवर टर्बाइन फिरवायचं. कागदावरच राहिला.

आता करिअर. बॉम्बची वेगळी डिग्री नसते रे. तुझा सवाल मला तरी भांड्याचाच वाटून राहिला, इतकी आग धरायची कशात, अन् ते काम मेकॅनिकलवाल्यांचं पण आहे. फ्रान्समधल्या आयटर फ्यूजन रिअ‍ॅक्टरचा (हायड्रोजन बॉम्बचीच आग, पण ताब्यात ठेवायची) क्रायोस्टॅट, जवळपास 30 मीटर उंच स्टीलचा डबा, त्याचे भाग गुजरातेत हजिऱ्याला बनले. बीएआरसीचं (भाभा अणुसंशोधन केंद्र) ट्रेनिंग स्कूलही मेकॅनिकलवाले घेतं, इंजिनीअरिंगनंतरच्या गेट परीक्षेचा स्कोअर चालतो, मग इंटरव्ह्यू, पुढे वर्षभर ट्रेनिंग. निव्वळ फिजिक्सच हवं असेल तर जेईईसोबत नेस्टचा (भुवनेश्वरच्या नायसरसारख्या विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा) फॉर्म भरून ठेव.

बाबांना घेऊन ये एकदा. मार्कशीट राहू दे, कार्नोचं गणित सोडवलेला कागद आण.