फिजिक्स सोडायचं नाही

सप्रेम नमस्कार,

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं. लेक बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय फिजिक्स, आणि तिला समुद्रशास्त्रज्ञ व्हायचंय. ते सोडवून तिला मत्स्यशास्त्राला घालू का, सरकारी नोकरी मिळेल का, मुलीला जहाजावर जमेल का, असं तुम्ही विचारलंय.

फिजिक्स सोडू देऊ नका. लाटा, प्रवाह, भरती-ओहोटी, समुद्रावर तयार होणारा मान्सून, सगळं फिजिक्स आणि गणितच आहे. मासळी कुठे मिळेल याचा जो अंदाज बंदरावर येतो, तो हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती केंद्राचा. उपग्रहाने टिपलेलं पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य यांवरून तो काढतात. एम.एस्सी. गोवा विद्यापीठात किंवा कोचीच्या कुसाट या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठात करता येईल. पुढे सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय परीक्षा. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली, तर पीएच.डी. करताना सुरुवातीला महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं.

नोकरीचं मात्र स्पष्ट सांगते. गोव्यातल्या दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, इन्कॉइस, चेन्नईची एनआयओटी ही समुद्र-तंत्रज्ञान संस्था, विद्यापीठं, अशा मोजक्याच जागा आहेत. इन्कॉइससारख्या ठिकाणी रोजचा अंदाज रोज गेलाच पाहिजे. विद्यापीठात शिकवणं आणि संशोधन दोन्ही सांभाळावं लागतं. कायमची नोकरी हाती येईपर्यंत बहुतेकांची तिशी उलटते, तोवर प्रकल्पावरच्या कंत्राटी जागा. त्या वर्षांत "अजून शिकतेच आहेस का?" हा प्रश्न घरातून येऊ नये, एवढी माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे. हुशार मुली या एका प्रश्नापायी मागे फिरलेल्या मी पाहिल्या आहेत.

आता जहाजाचं. १९८३ च्या मोहिमेतून अंटार्क्टिकाला गेलेल्या पहिल्या दोन भारतीय शास्त्रज्ञ महिलांपैकी अदिती पंत या दोना पावलाच्याच संस्थेतल्या. पुणे विद्यापीठात शिकलेल्या. माझी एक विद्यार्थिनी मोहिमेवर जाऊन आली, तिने सांगितलेलं सांगते. रात्री दोनला खोलवरचं पाणी भरलेल्या बाटल्या वर आल्या की सगळ्यात आधी प्राणवायूचा नमुना काढायचा, नळी बाटलीच्या तळाला टेकवून, एकही बुडबुडा न येऊ देता. मग रसायनं घालायची. वरच्या पाण्यात तपकिरी साका धरतो. उत्तर अरबी समुद्रात तीनशे मीटर खालच्या पाण्यात मात्र तो पांढुरका राहतो, कारण तिथे प्राणवायू जवळजवळ नसतोच. मळमळ होत असूनही तो पांढरा साका बघून ती हरखली होती. पण असे दिवस वर्षातून थोडेच, बाकी सगळं काम संगणकापुढे.

म्हणून जूनमध्ये मासेमारीची बंदी लागून बोट वर ओढली, की तिला पायथन ही संगणकाची भाषा शिकायला बसवा. आर्गो नावाचे फ्लोट, म्हणजे समुद्रात सोडलेली मोजमापाची तरंगती यंत्रं, दोन हजार मीटरपर्यंत बुडून दर दहा दिवसांनी वर येतात, त्यांच्या नोंदी इंटरनेटवर फुकट मिळतात. अरबी समुद्रातला एक फ्लोट निवडून तिने खोलीप्रमाणे तापमानाचा आलेख काढावा आणि मला पाठवावा. सोबतचं पत्र तिनेच लिहावं.