आयव्हीआयजीचा डोस पुढे ढकलला तर चालेल का? – माझा अनुभव

ताई, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि नंतर झोप लागली नाही. सव्वातीन वर्षांचा मुलगा, एक्सएलए (संसर्गाशी लढणाऱ्या अँटिबॉडी शरीरात न बनण्याचा जन्मजात आजार), आयव्हीआयजीचे, म्हणजे शिरेतून द्यायच्या तयार अँटिबॉडीचे, दोन डोस झालेत, खोकला गेलाय, अंग धरतोय. तिसऱ्या डोसची तारीख आली, पण मदतीचं मंजुरीपत्र आलेलं नाही. म्हणून तुम्ही विचारताय, ‘मुलगा चांगला आहे, दोन-तीन आठवडे थांबलो तर चालेल का?’ हाच प्रश्न २०१७ च्या जूनमध्ये मी स्वतःला विचारला होता आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकलं होतं.

मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. दहा वर्षं अशा मुलाला सांभाळणारी आई आहे. खालचं सगळं तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा. हात धुणं, गर्दी टाळणं वगैरे तुम्हाला वॉर्डात सांगितलं असेलच, ते परत लिहीत नाही.

आमचा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता, वजन १५ किलो. दर चार आठवड्यांनी साडेसात ग्रॅम, म्हणजे पाचची एक बाटली आणि अडीचची एक. पहिली दीड वर्षं कुणाकुणाच्या मदतीवर निघाली. मग एका कार्यालयात अर्ज केला, नाव लिहीत नाही. पहिली त्रुटी निघाली ती अशी, की निदानाच्या दाखल्यावर ‘एक्सएलए’ लिहिलंय आणि खर्चाच्या अंदाजपत्रकावर ‘अगॅमाग्लोब्युलिनेमिया’, तर हे दोन आजार आहेत, नक्की कोणता ते ठरवून आणा. एक्सएलए हा अगॅमाग्लोब्युलिनेमियाचाच एक प्रकार, ते दोन वेगळे आजार नाहीत. त्यासाठी सांगलीहून मुंबईला एक फेरी. दुसरी त्रुटी, ‘शस्त्रक्रियेची तारीख’ हा रकाना कोरा आहे. शस्त्रक्रिया नाहीच, दर महिन्याला औषध आहे आणि ते जन्मभर आहे, असं मी तीन टेबलांवर सांगितलं. त्यांच्या फॉर्ममध्ये जन्मभर चालणाऱ्या औषधाला जागाच नव्हती. ते सुटेपर्यंत अंदाजपत्रक जुनं झालं, नवीन आणा म्हणाले. उत्पन्नाचा दाखलाही मार्चअखेर संपला होता. प्रत्येक वेळी ‘पुढच्या सोमवारी या’. आजही सोमवार म्हटलं की मला त्या जिन्यातला ओल्या भिंतीचा वास येतो.

पण दोष त्या कार्यालयावर ढकलून मी मोकळी होणार नाही. चूक माझीही होती. मुलगा अंगणात सायकल चालवत होता. मी म्हटलं, इतका छान आहे, मंजुरी आली की एकदम देऊ. चारचे सहा आठवडे झाले, मग सात, मग आठ. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मी हॉस्पिटलला फोनच केला नाही. पैसे नाहीत हे डॉक्टरांना कसं सांगायचं, याची लाज वाटली. आठव्या आठवड्यात रात्री ताप आला, सकाळपर्यंत श्वासाला धाप. न्यूमोनिया. एकवीस दिवस ॲडमिट. त्या वेळी तपासलेली आयजीजीची, म्हणजे रक्तातल्या मुख्य अँटिबॉडीची, पातळी २८० होती, आमच्या डॉक्टरांना ती ७०० च्या वर हवी असते. मुलगा वाचला. डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग मात्र कायमचा बिघडला. ब्राँकिएक्टेसिस म्हणतात त्याला, श्वासनळ्या सैल होऊन त्यात कफ साचत राहतो. तो भाग आता पूर्ववत होत नाही. डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टर एवढंच म्हणाले, ‘एक फोन करायचा होता. वॉर्डातून एक बाटली मी कशीही उभी केली असती.’

तुमचा मुलगा ‘चांगला’ आहे म्हणजे काय, हे तेव्हा मला कुणी समजावलं असतं तर बरं झालं असतं. या मुलांचं शरीर अँटिबॉडी बनवतच नाही. बाटलीतून जे जातं ते हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेलं उसनं संरक्षण आहे. त्यातलं निम्मं साधारण तीन आठवड्यांत संपतं. पुढच्या तीन आठवड्यांत उरलेल्यातलं निम्मं. मुलगा खेळतोय तो त्या उसन्यावर खेळतोय, आणि ते सरत आल्याचं बाहेरून काही दिसत नाही. जन्मानंतर पहिले पाच-सहा महिने ही मुलं ठणठणीत असतात ती आईकडून आलेल्या अँटिबॉडीवर, हे त्याच प्रकारचं आहे. १९५२ मध्ये ब्रुटन नावाच्या अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी आठ वर्षांच्या मुलात हा आजार ओळखला आणि त्याला दर महिन्याला गॅमा ग्लोब्युलिन दिलं. औषध आता शिरेतून जातं, जास्त शुद्ध झालंय, पण आधार तोच आहे आणि वेळापत्रकही जवळपास तेच.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, कुणाला टोकाचं वाटलं तरी. तारीख हलवायची नाही. उद्या सकाळी हॉस्पिटलला फोन करा आणि ‘पैशांची सोय झालेली नाही, डोस चुकतोय’ हे याच शब्दांत सांगा. वैद्यकीय समाजसेवकांचं टेबल असेल तर त्यांना भेटा. डोस कमी करायचा की अंतर वाढवायचं, हे डॉक्टरांना ठरवू द्या, आपण नाही. दागिने मोडा असं मी कुणाला सांगणार नाही, ज्याची त्याची परिस्थिती असते. मी मात्र त्यानंतर पाटल्या मोडल्या आणि एका डोसचे पैसे कायम बाजूला ठेवले. त्याला हात लावायचा नाही असं घरात ठरलंय.

अर्जाचं म्हणाल तर, सगळ्या कागदांवर आजाराचं नाव अक्षर न् अक्षर एकच येईल असं बघा, पूर्ण नाव आणि एक्सएलए दोन्ही. डॉक्टरांकडून ‘उपचार आजन्म, दर चार आठवड्यांनी, वजनानुसार डोस वाढणार’ हे वाक्य लिहून घ्या. आवक क्रमांकाशिवाय कागद देऊ नका. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात या आजाराचा आणि आयव्हीआयजीचा उल्लेख आहे, आणि मुंबईत त्यासाठी केईएम रुग्णालय हे केंद्र ठरवलेलं आहे. तुमचा मुलगा त्यात बसतो का, हे तिथे विचारून घ्या. आमच्या वेळी हे धोरण नव्हतं.

आता घरातलं. तुम्ही विचारलंय म्हणून, पण क्रम असा काही नाही.

ताप १००.४ च्या वर गेला की क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही. रात्र असली तरी निघायचं. गावातल्या डॉक्टरांना दाखवताना फाइल पुढे करा आणि सांगा की विडाल (टायफॉइडची तपासणी) किंवा कुठलीही अँटिबॉडी तपासणी याच्या बाबतीत उपयोगाची नाही. स्वतःच्या अँटिबॉडी नाहीत म्हणून आजार असूनही निगेटिव्ह येते, आणि बाटलीनंतर रक्तदात्यांच्या अँटिबॉडी दिसून नसलेला आजार पॉझिटिव्ह येतो. आमच्याकडे एकदा अशा रिपोर्टवरून कावीळ झाली म्हणून घरभर रडारड झाली होती. कल्चर, पीसीआर, डेंग्यूला एनएस-वन, अशी थेट जंतूच शोधणारी तपासणी करता येईल का ते विचारा.

बाटली स्वतः नेत असाल तर थंड ठेवायची, पण बर्फाला टेकवायची नाही. एकदा गोठली की ती वापरता येत नाही. आम्ही जेलपॅक टॉवेलमध्ये गुंडाळतो. हलवायची नाही, फेस होतो. लावण्याआधी बाहेर काढून आपोआप खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, गरम पाण्यात बुडवायची नाही. आदल्या दिवशी मुलाला भरपूर पाणी पाजा, आमच्याकडे त्यानं डोकेदुखी कमी झाली.

सिस्टर बदलल्या की वेग बदलतो, याकडे लक्ष ठेवा. पहिला अर्धा तास अगदी हळू, मग टप्प्याटप्प्यानं. एकदा ड्यूटी संपत आली म्हणून बाटली पळवली आणि हा थंडीनं दात वाजवायला लागला. बंद करून हळू सुरू केल्यावर थांबलं. पाच टक्के आणि दहा टक्के अशा दोन तऱ्हेच्या बाटल्या मिळतात, त्यामुळे कंपनी बदलली की जुना वेग तसाच लावू देऊ नका, आधी विचारा. मी एक वही ठेवली आहे: तारीख, वजन, कंपनी, बॅच नंबर, किती टक्के, कुठल्या वेगाला काय त्रास. चांगल्या सिस्टर ती वही मागून घेतात. आमच्या वॉर्डातल्या एका सिस्टरनं याच्या हातावरची कुठली शीर लागते, कुठली नाही, याचं चित्र त्या वहीत काढून दिलंय. त्यांच्यामुळे हा सुई बघून रडायचा थांबला.

पाणी उकळूनच. या मुलांना जिआर्डियाचे (दूषित पाण्यातून येणाऱ्या परजीवीचे) जुलाब चिकटले की महिनोन्‌महिने जात नाहीत. आणि पाठीवर थापट्या देऊन कफ मोकळा करणं आम्हाला रोज सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटं करावं लागतं, शाळेच्या आधी, परीक्षा असली तरी. तुम्हाला ते लागू नये म्हणूनच एवढं लिहिते आहे.

पोलिओच्या थेंबांबद्दल खाली एकानं ‘काही होत नाही, देऊन टाका’ असं लिहिलंय. कृपा करून ऐकू नका. ती जिवंत लस आहे, या मुलाला ती चालत नाही, आणि घरातल्या दुसऱ्या बाळालाही तोंडावाटे नको, इंजेक्शनची द्यायची असते. पल्स पोलिओच्या दिवशी आशाताई दारात येतात, बोटाला शाई नसली की शेजारीही बोलतात. डॉक्टरांचं पत्र लॅमिनेट करून दारामागे ठेवा. आमच्या आशाताई आता बाकीच्यांना समजावतात.

शेवटी तुमच्या पोस्टमधली एक ओळ, जी तुम्ही सहज लिहिली आहे. सासरचे ‘हे तुमच्या माहेरचं’ म्हणतात आणि तुमच्या सख्ख्या बहिणीला सातवा महिना आहे. माझा एक भाऊ पाच वर्षांचा असताना न्यूमोनियानं गेला. आम्ही त्याला देवाची इच्छा म्हणत होतो. मुलाच्या निदानानंतर मी वाहक निघाले, म्हणजे मला आजार नाही, पण माझ्याकडून तो मुलग्याकडे जाऊ शकतो. त्यात माझा दोष नव्हता, आईचाही नव्हता, तुमचाही नाही. पण तुम्ही वाहक निघालात तर बहीणही असू शकते, आणि वाहक आईच्या प्रत्येक मुलग्याला हा आजार येण्याची शक्यता निम्मी असते. परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, आमची तपासणी तिथे झाली. बहिणीच्या डॉक्टरांना आत्ताच सांगून ठेवा. मुलगा झाला तर बीसीजी आणि पोलिओचे थेंब देण्याआधी त्याच्या बी पेशी (अँटिबॉडी बनवण्याच्या कामाच्या रक्तपेशी) मोजायच्या. जन्मतः आयजीजी मोजून कळत नाही, ते आईचं असतं. बाळंतपणाच्या गडबडीत पहिल्याच दिवशी थेंब दिले जातात, म्हणून हे बहिणीच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनानं लिहून घ्या.