‘महाभियोग’ झाला, मग पद कसं राहिलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘डोनाल्ड ट्रंप यांच्यावर दोन वेळा महाभियोग झाला असं वाचलं. तरीही त्यांनी पहिली मुदत पूर्ण केली आणि २०२४ मध्ये ते पुन्हा निवडून आले. मग महाभियोग हा शब्दच चुकीचा आहे का? आणि अकाउंटेबिलिटीला जबाबदारी म्हणावं की उत्तरदायित्व?’

शब्द बरोबर आहे. घोटाळा होतो तो त्याच्यापुढे येणाऱ्या ‘झाला’मुळे.

अभियोग म्हणजे आरोप, फिर्याद. अभियुक्त म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे तो. आरोप आहे एवढ्यावरून आपण त्याला गुन्हेगार म्हणत नाही. त्या अभियोगाला ‘महा’ जोडला की मोठ्या पदावरच्या माणसावर ठेवलेला मोठा आरोप एवढाच अर्थ होतो, आणि अमेरिकेच्या राज्यघटनेत ‘इम्पीचमेंट’चा अर्थही तेवढाच आहे. पहिल्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या विभागात हा अधिकार फक्त प्रतिनिधिगृहाला दिला आहे आणि त्याला साधं बहुमत पुरतं. पुढचा खटला तिसऱ्या विभागानुसार सेनेटपुढे चालतो. त्यासाठी सेनेटर वेगळी शपथ घेतात, आरोपी विद्यमान राष्ट्राध्यक्ष असेल तर सरन्यायाधीश पीठासीन होतात आणि दोषी ठरवायला हजर सदस्यांपैकी दोन-तृतीयांश मतं लागतात. म्हणजे फिर्यादी एक गृह आणि निवाडा करणारं दुसरं.

मग आपल्याला ‘महाभियोग’ म्हटलं की पदच्युतीच का ऐकू येते? याचं कारण आपल्याच राज्यघटनेत आहे. ६१व्या अनुच्छेदात राष्ट्रपतींवरच्या कारवाईला सुरुवातीपासून शेवटपर्यंत हे एकच नाव आहे. संसदेच्या एका सभागृहाने आरोप ठेवायचा. त्यासाठी किमान एक-चतुर्थांश सदस्यांच्या सह्यांची १४ दिवसांची नोटीस आणि एकूण सदस्यसंख्येच्या दोन-तृतीयांश मतं हवीत. मग दुसऱ्या सभागृहाने चौकशी करायची, आणि आरोप सिद्ध झाल्याचा ठराव त्यानेही तेवढ्याच बहुमताने केला की त्या तारखेपासून राष्ट्रपती पदावरून दूर होतात. आरोप, चौकशी, निकाल, पदच्युती सगळं एकाच शब्दाच्या पोटात. शिवाय भारतात आजवर एकाही राष्ट्रपतीवर ही वेळ आलेली नाही, त्यामुळे या टप्प्यांसाठी वेगळे शब्द वापरायची गरजच पडली नाही. न्यायमूर्तींच्या बाबतीत वर्तमानपत्रं सर्रास ‘महाभियोग’ लिहितात, पण १२४व्या अनुच्छेदात तो शब्द नाही. तिथे ‘पदावरून दूर करणे’ एवढंच आहे. असा पदच्युतीला चिकटलेला शब्द आपण अमेरिकेच्या बातमीत नेतो आणि वाचक बुचकळ्यात पडतो.

उपाय क्रियापदात आहे. मराठीत खटला ‘भरतात’, तो ‘चालतो’ आणि त्याचा ‘निकाल लागतो’. खटला भरला म्हणजे शिक्षा झाली असं कोणी समजत नाही. हीच शिस्त इथे पाळावी. प्रतिनिधिगृहाने महाभियोग ‘दाखल केला’. सेनेटमध्ये महाभियोगाचा खटला ‘चालला’. सेनेटने ‘दोषी ठरवलं’ किंवा ‘दोषी ठरवलं नाही’. दोषी ठरल्यास ‘पदच्युती’ होते, आणि पुढे कोणतंही संघीय पद मिळू नये यासाठी ‘अपात्रते’चं मतदान वेगळं घ्यावं लागतं. ते साध्या बहुमताने होतं. पदच्युती आणि अपात्रता या दोन गोष्टी आहेत हे अ‍ॅल्सी हेस्टिंग्ज यांच्या उदाहरणात लख्ख दिसतं. या संघीय न्यायाधीशावर १९८८ मध्ये महाभियोग दाखल झाला आणि १९८९ मध्ये सेनेटने त्यांना दोषी ठरवून काढलं, पण अपात्र ठरवलं नाही. १९९२ मध्ये ते निवडून आले ते थेट प्रतिनिधिगृहावर, ज्या गृहाने त्यांच्यावर आरोप ठेवले होते त्याच गृहावर, आणि २०२१ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथे सदस्य राहिले. सेनेटने आजवर दोषी ठरवून काढलेले एकूण आठजण, आणि ते सगळे न्यायाधीश. राष्ट्राध्यक्ष एकही नाही.

तीन राष्ट्राध्यक्षांवर मिळून चार वेळा महाभियोग दाखल झाला. अँड्र्यू जॉन्सन यांच्याविरुद्ध १८६८ मध्ये सेनेटमध्ये ३५ विरुद्ध १९ मतं पडली. हवी होती ३६, एकाने हुकलं. बिल क्लिंटन यांच्या खटल्यात १९९९ मध्ये एका आरोपावर ४५–५५ आणि दुसऱ्यावर ५०–५०. ट्रंप यांच्या पहिल्या खटल्यात फेब्रुवारी २०२० मध्ये ४८–५२ आणि ४७–५३. दुसऱ्यात १३ फेब्रुवारी २०२१ रोजी ५७–४३.

या शेवटच्या आकड्यापाशी मला ‘निर्दोष’ शब्द खटकतो. १०० पैकी ५७ सेनेटरांनी दोषी म्हटलं, ६७ लागत होते. ‘सेनेटने ट्रंप यांना निर्दोष ठरवलं’ असं लिहिलं की बहुमत त्यांच्या बाजूने होतं असा समज होतो, तो साफ उलटा आहे. ‘दोन-तृतीयांश मतं न मिळाल्याने ते दोषी ठरले नाहीत’ हे वाक्य लांब आहे, पण खरं आहे. मथळ्यात जागा नसेल तर ‘महाभियोगातून सुटका’ चालेल.

रिचर्ड निक्सन यांच्याबद्दल ‘महाभियोगाने पायउतार’ लिहितात तेही चूक. जुलै १९७४ च्या अखेरीस प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीने तीन आरोप मंजूर केले होते, पण पूर्ण गृहापुढे मतदान होण्याआधीच, ९ ऑगस्टला, त्यांनी पद सोडलं. महाभियोग दाखल होण्याच्या आदल्या पायरीवरचा हा राजीनामा.

आता आरोपाचा मजकूर. राज्यघटनेत देशद्रोह आणि लाचखोरीनंतर ‘हाय क्राइम्स अँड मिसडिमीनर्स’ असे शब्द आहेत. त्याचं मराठी ‘गंभीर आणि किरकोळ गुन्हे’ असं केलेलं दिसतं, ते टाळावं. आजच्या अमेरिकी फौजदारी कायद्यात ‘मिसडिमीनर’ म्हणजे किरकोळ गुन्हा, हे खरं. पण इथला प्रयोग त्याहून जुना, ब्रिटिश पार्लमेंटमधला आहे. त्यातलं ‘हाय’ गुन्ह्याच्या आकाराबद्दल नसून पदाच्या उंचीबद्दल आहे. ‘उच्च पदाशी द्रोह करणारे गुन्हे आणि गैरवर्तन’ असं काहीसं म्हणता येईल.

हे शब्द तिथे आले त्या प्रसंगाचा धागा थेट आपल्याकडे येतो. ८ सप्टेंबर १७८७ रोजी फिलाडेल्फियातल्या घटनासभेत जॉर्ज मेसन यांनी हरकत घेतली की देशद्रोह आणि लाच ही दोनच कारणं पुरेशी नाहीत, आणि दाखला दिला वॉरन हेस्टिंग्ज यांचा: त्यांच्यावरचा आरोप देशद्रोहाचा नाही. बंगालच्या या माजी गव्हर्नर जनरलवर त्याच वर्षी लंडनमध्ये महाभियोग दाखल झाला होता. ब्रिटिश खासदार एडमंड बर्क यांनी १७८६ मध्ये मांडलेल्या २२ आरोपांच्या शीर्षकातच ‘हाय क्राइम्स अँड मिसडिमीनर्स’ हे शब्द आहेत, आणि त्यातला २०वा आरोप मराठ्यांशी झालेल्या युद्धाबद्दल आणि तहाबद्दल आहे. सालबाईचा तह ज्या लढाईच्या शेवटी झाला, तीच ही. खटला १७८८ ते १७९५ असा सात वर्षं चालला आणि हेस्टिंग्ज सुटले.

मेसन यांनी आधी सुचवलेला शब्द होता ‘मॅलअ‍ॅडमिनिस्ट्रेशन’. आपल्या भाषेत गैरकारभार, किंवा रोजच्या बोलण्यातला गलथान कारभार. जेम्स मॅडिसन यांनी तो नको म्हटलं: इतका सैल शब्द ठेवला तर राष्ट्राध्यक्षाचं पद सेनेटच्या मर्जीवर राहील. तेव्हा मेसन यांनी तो मागे घेऊन हे दुसरे शब्द दिले. म्हणून महाभियोगाच्या बातमीत ‘गैरकारभाराचा आरोप’ लिहू नये. नेमका तोच शब्द तिथे विचार करून वगळलेला आहे.

मग ‘अब्यूज ऑफ पॉवर’ला काय? ‘सत्तेचा गैरवापर’ चोख आहे, फक्त तो ‘अधिकाराबाहेर जाणं’ याच्याशी मिसळू नये. गैरवापर होतो तो हातात असलेल्या अधिकाराचा, भलत्या हेतूने. निक्सन यांच्यावरच्या दुसऱ्या आरोपात, जो समितीत २८–१० ने मंजूर झाला, विरोधकांवर प्राप्तिकराच्या तपासण्या लावण्याच्या प्रयत्नाचा उल्लेख होता. करतपासणी हा सरकारचा रास्त अधिकार; तो सूडासाठी वापरणं हा गैरवापर. २०१९ मध्ये ट्रंप यांच्यावरच्या पहिल्या आरोपाचं नावच ‘सत्तेचा गैरवापर’ होतं: युक्रेनची ३९ कोटी १० लाख डॉलरची मदत रोखून धरली आणि तिथल्या सरकारवर राजकीय प्रतिस्पर्ध्याच्या चौकशीसाठी दबाव आणला, असा तो आरोप.

आणि ज्याने मला या शब्दाची गोडी लागली ती त्याची व्युत्पत्ती. ‘इम्पीच’ जुन्या फ्रेंचमधून आला, आणि त्यामागे लॅटिन ‘इम्पेडिकारे’ आहे: पायात बेडी अडकवणे. त्यातला ‘पेस’, म्हणजे पाय, आणि संस्कृत ‘पाद’ एकाच कुळातले. मराठीत हुबेहूब हाच शब्द आपण रोज वापरतो, पायबंद. घोड्याचे पाय बांधायच्या दोराला हे नाव, आणि मग ‘मनमानीला पायबंद घालणं’. प्रतिशब्द म्हणून तो सुचवत नाही, महाभियोग रुळला आहे. पण इंग्रजी शब्दाचं मूळ लक्षात ठेवायला याहून चांगली खूण नाही.

प्रश्नाचा दुसरा भाग अधिक अवघड आहे, कारण ‘जबाबदार’ मराठीत तीन कामं करतो. ‘ती जबाबदार मुलगी आहे’ म्हणजे कर्तव्य जाणणारी. ‘चालक अपघाताला जबाबदार आहे’ म्हणजे कारणीभूत. ‘मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार आहे’ म्हणजे जाब देण्यास बांधलेलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यात प्रत्ययही तोच, ‘ला’. अपघाताला जबाबदार आणि विधानसभेला जबाबदार यांतला फरक फक्त संदर्भावरून कळतो. मूळ अर्थ तिसराच: जबाब देणारा तो जबाबदार. आपण तो घरच्या-दारच्या कर्तव्यांवर इतका पसरवला की ‘जबाब’ ऐकूच येईनासा झाला.

म्हणून अकाउंटेबिलिटीला नुसतं ‘जबाबदारी’ लिहिलं की अर्थ निसटतो. ‘उत्तरदायित्व’ अर्थाने अचूक आहे आणि सरकारी मजकुरात चालतो, पण बोलताना कोणी म्हणत नाही. माझं मत ‘जाब’कडे झुकतं. जाब विचारणं, जाब देणं हे शब्द गावच्या ग्रामसभेपासून विधानसभेपर्यंत जिवंत आहेत. ‘राष्ट्राध्यक्षांची अकाउंटेबिलिटी कमी झाली’ याचं मराठी ‘राष्ट्राध्यक्षांना जाब विचारण्याचे मार्ग कमी झाले’ असं करून पाहा. वाक्यात विचारणारा येऊन उभा राहतो आणि ‘कोण विचारणार?’ हा पुढचा प्रश्न वाचकाला आपोआप पडतो. हिशेब मागायचा असेल तिथे ‘झाडा घेणं’ हाही आपला जुना, नेमका प्रयोग आहे.

‘नैतिक जबाबदारी’ वापरताना आणखी जपावं लागतं. आपल्याकडे हा शब्द ‘स्वीकारून राजीनामा’ यांच्याशी बांधला गेला आहे. १९५६ च्या अरियालूर रेल्वे अपघातानंतर लालबहादूर शास्त्रींनी दिलेला राजीनामा हे त्याचं सर्वांना ठाऊक उदाहरण. म्हणजे आपल्याकडे नैतिक जबाबदारी माणूस स्वतःहून घेतो. अमेरिकेत मंत्री काँग्रेसचे, म्हणजे तिथल्या संसदेचे, सदस्य नसतात, राष्ट्राध्यक्षांची मुदत ठरलेली असते, त्यामुळे ही प्रथा तशी रुजलेली नाही. निक्सन यांनी आपल्या भाषणात कारण दिलं ते काँग्रेसमध्ये पुरेसा राजकीय आधार उरला नसल्याचं. त्याला मराठीत ‘नैतिक जबाबदारी स्वीकारून’ लिहिणं म्हणजे त्यांच्या तोंडी नसलेले शब्द घालणं.

निक्सन यांना भोवलेल्या त्याच वॉटरगेट प्रकरणात (विरोधी पक्षाच्या कार्यालयातली घुसखोरी आणि तिची लपवाछपवी) शोभणारा दुसरा शब्द आहे. २० ऑक्टोबर १९७३ च्या शनिवारी निक्सन यांनी अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याचे प्रमुख, इलियट रिचर्डसन यांना सांगितलं की या प्रकरणाचा तपास करणारे विशेष अभियोक्ता आर्चिबाल्ड कॉक्स यांना काढा. त्यांना हात लावणार नाही असा शब्द रिचर्डसन यांनी सेनेटला दिला होता. त्यांनी राजीनामा दिला. त्यांचे सहायक विल्यम रकल्सहाउस यांनीही हुकूम पाळला नाही आणि तेही गेले. तिसऱ्या क्रमांकाच्या रॉबर्ट बोर्क यांनी कॉक्स यांना काढलं. पहिल्या दोघांनी कसलीही चूक पदरात घेतली नाही, ते दिलेल्या शब्दासाठी गेले. इथे ‘तत्त्वासाठी राजीनामा’ म्हणावं.

उलट बाजूने, १३ फेब्रुवारी २०२१ रोजी सेनेटमधले रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल यांनी ट्रंप यांना दोषी न ठरवण्याच्या बाजूने मत दिलं आणि लगेच म्हणाले की ६ जानेवारीच्या घटना, म्हणजे संसद भवनावरचा हल्ला, भडकवण्यास ट्रंप ‘प्रॅक्टिकली अँड मॉरली रिस्पॉन्सिबल’ आहेत. माजी राष्ट्राध्यक्षाला सेनेट दोषी ठरवू शकत नाही, ही त्यांची भूमिका होती. इथला ‘रिस्पॉन्सिबल’ कारणीभूत या अर्थाचा. ‘प्रत्यक्षात आणि नैतिकदृष्ट्याही तेच कारणीभूत आहेत’ असं करावं. ‘जबाबदार’ ठेवलं तर जाब द्यावा लागला असं वाटतं, आणि त्या मतदानात तो द्यावा लागला नाही.

जाता जाता ‘इम्युनिटी’. १ जुलै २०२४ च्या ६–३ निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्राध्यक्षांच्या गाभ्याच्या घटनात्मक अधिकारांना फौजदारी खटल्यापासून पूर्ण संरक्षण दिलं, बाकीच्या पदीय कृतींना किमान गृहीत धरलेलं, म्हणजे सरकारी पक्षाने खोडून काढेपर्यंत टिकणारं, संरक्षण दिलं आणि खासगी कृतींना काहीच दिलं नाही. याला ‘खटल्यापासून संरक्षण’ म्हणावं. ‘विशेषाधिकार’ म्हणू नये. तो शब्द ‘प्रिव्हिलेज’साठी लागतो. व्हाइट हाउसमधल्या संभाषणांच्या ध्वनिफिती न देण्यासाठी निक्सन यांनी जो पुढे केला आणि २४ जुलै १९७४ ला ८–० ने गमावला, तो विशेषाधिकार.